वीस भोकांची गाडी

आमची गाडी पंधरा वर्षांची झाली, त्या साली तिचं पुन्हा पासिंग करायचं होतं. पास झाली तर आणखी पाच वर्षं चालवायची, नाही तर भंगारात द्यायची, असं बायकोनं आधीच जाहीर केलं होतं. इंजिन ठणठणीत होतं. घोर होता तो गंजाचा. पहिला मालक कोकणातला; समुद्राची हवा खाऊनच गाडी जळगावला आलेली. वरून पांढरीशुभ्र, पण दरवाज्यावर थाप मारली की आतून तपकिरी भुगा गळायचा.

माझा मेहुणा धुळ्याला गाड्यांचं पत्राकाम करायचा. त्यानं फोनवर उपाय सांगितला. "दाजी, जुनं इंजिन ऑइल घ्या, त्यात मेण वितळवा आणि दरवाज्यांच्या, पायदानांच्या पोकळीत फवारा. गंज आहे तिथं थांबेल."

फवारायचं कशानं, हा प्रश्न आमच्या भागात पडत नाही. शेजारच्या नानांचा कपाशीचा पंप मागून आणला. मे महिना होता. मिश्रणाचा डबा तासभर गच्चीवर ठेवला की पुरेसं पातळ व्हायचं. पंप पाठीला लावून मी दरवाज्याच्या पोकळीत नळी घातली, तेवढ्यात नाना कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

"काय भाऊ, गाडीवर मावा पडला का?"

"गंज पडलाय, नाना."

"मग दोन फवारण्या लागतील. आणि पंप नीट धुऊन द्या, नाही तर माझी कपाशी पळायला लागायची."

एका दरवाज्यात मी मोजून सहाशे मिलिलिटर मारलं आणि खाली परात ठेवली. सकाळी परातीत एकशे चाळीस उतरलं होतं. जवळजवळ चौथा हिस्सा वाया! प्रत्येक दरवाज्याच्या तळाला तीन भोकं होती, प्रत्येक पायदानाला चार, एकूण वीस. गाडी बनवणाऱ्यानं ती कशासाठी ठेवली असतील, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. मी वीसही भोकं डांबरानं बुजवली. दुसऱ्या दिवशी परात कोरडी. मला फार समाधान वाटलं.

आषाढात पाच दिवस झड लागली. पासिंगला आठवडा राहिला असताना आम्ही मेहुण्याला गाडी दाखवायला निघालो. एरंडोलच्या अलीकडेच बायको म्हणाली, "मागे कळशी ठेवलीय का तुम्ही?"

"नाही."

"मग डुचमळतंय काय?"

पारोळ्यापर्यंत प्रत्येक वळणाला ती नुसती माझ्याकडे बघत होती.

मेहुण्यानं दरवाजा हलवला, वाकून तळ पाहिला आणि कपाळावर हात मारला. चिडला की तो अहिराणीवर यायचा. "दाजी, तुम्ही बठ्ठंच बुजी टाकं! आते पानी कथाईन निंघी?"

काचेच्या फटीतून पाणी आत जातंच. ते बाहेर पडायला तर भोकं असतात. माझं मोजून मारलेलं तेल वर तरंगत होतं आणि ज्या तळासाठी एवढा खटाटोप केला, तो पाण्यात बसला होता. त्यानं डांबर टोचलं तशी धार लागली. बायकोनं माझ्यापुढे बादली आणून ठेवली.

"मोजा की आता."

मोजलं. चार दरवाज्यांत मिळून सहा लिटर.

मागच्या दोन दरवाज्यांचा तळ बोट लावताच आत गेला. तिथं मेहुण्यानं नवीन पत्रा जोडला, सगळं वाळवलं, पुन्हा फवारलं. पंपाला मला हातही लावू दिला नाही. "ठिबकू द्या, दाजी. ठिबकलं म्हणजे तळापर्यंत पोचलं."

पासिंगच्या दिवशी साहेबांनी चारही दरवाजे खालून ठोकून पाहिले. बोटाला काळं तेल लागलं, ते हुंगलं. "हे कोणी केलं?"

खोटं बोलायची सवय नाही. "मेहुण्यानं. त्याआधी मी केलं होतं, ते काढून."

साहेब हसले नाहीत, पण सही केली. परत येताना बायको म्हणाली, "पाच वर्षं मिळाली ना? आता पाच वर्षं तिला काही करू नका."