आमच्या व्हॅनचा काळा धूर

आमची जुनी डिझेल व्हॅन आधी ओढायची कमी झाली, मग काळा धूर सोडायला लागली. राजुरीतून अकरा मुलींना मी रोज तिच्यातून जुन्नरच्या शाळेत नेते. चाचणी परीक्षेच्या दिवशी चढावर गाडीने मान टाकली. मुली उतरून चालल्या, मी रिकामी गाडी कशीबशी वर नेली आणि सगळ्यांना पुन्हा बसवलं. पहिला पेपर अर्धा बुडाला. मुलींना मजा वाटली, त्यांच्या आयांना वाटली नाही.

गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्यांची हयात मेंढरांमागे गेली, त्यामुळे माणसांशी ते गरजेपुरतंच बोलतात. त्याच संध्याकाळी ते म्हणाले, "इंजान म्हातारं झालं. इकून टाकू." अवसरी बुद्रुकचा एक जण सोमवारी गाडी बघायला येणार, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. मी भाकरी थापत होते, थापत राहिले. पण गाडी गेली की मी पुन्हा गोठा आणि चूल यांच्या मध्ये, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्या व्हॅनशिवाय घराबाहेर माझं स्वतःचं असं काहीच नव्हतं.

नवरा चाकणला कंपनीत आहे. त्याने फोनवरून इंजिनाचा आवाज ऐकला आणि नोझल गेल्याचं सांगितलं. त्याने आयुष्यात नोझल पाहिलेला नाही. मग मीच मोबाइलवर शोधलं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, काळा म्हणजे डिझेल भरपूर आणि हवा कमी. मी सायलेन्सरसमोर जुनं फडकं धरलं. त्यावर कोरडी काजळी बसली, तेलाचा डाग नाही. मला बरं वाटलं. इंजिन म्हातारं झालं नव्हतं, त्याला श्वास पुरत नव्हता.

रविवारी मी गाडी जुन्नरला गॅरेजवर नेली. आबा न बोलावता शेजारी येऊन बसले. विकायच्या आधी माणूस बैलाच्या पाठीवर हात फिरवतो, तसा ते डॅशबोर्डवर हात फिरवत होते. मला त्याचाही रागच आला.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि एअर फिल्टर काढून बाजूला ठेवला. फिल्टरशिवाय गाडी चालू करून त्याने जोरात रेस केली. धूर जवळजवळ नाहीच. मग त्याने फिल्टर फरशीवर आपटला. पिवळीजर्द पूड सांडली, चांगली ओंजळभर. त्याने चिमूट नाकाशी नेली.

"वहिनी, ह्यो भंडारा हाय."

खंडोबाचा भंडारा आमच्या घरी मेंढरांना लागतो, ट्रॅक्टरला लागतो, नवीन फ्रीजलाही लागला होता. पण तो बाहेरून लावतात. मी आबांकडे बघितलं. आबा टायर बघत होते.

"दर रविवारी मूठभर टाकतो," ते शेवटी म्हणाले. "वरनं उधळला तर वाऱ्यानं जातो. तिथं ती नळी हाय, हवा आत वढती. म्हनलं, आतपतुर जाईल."

"आन धूर यायला लागल्यावं?" मेकॅनिकने विचारलं.

"मंग दोन मुठी."

मेकॅनिक खाली बसला.

"आबा, मला सांगायचं तरी," मी म्हणाले. आवाज चढलाच माझा.

"काय सांगायचं? तू एकली जातीस. संगं लोकाच्या पोरी. म्या काय रोज तुज्या मागं येनार व्हतो का? आन येवढं करून बी गाडी चढावं थांबली. मंग मला भ्या वाटलं. म्हनून इकाया काढली."

मला राग आणि रडू एकदमच आलं, म्हणून मी जाऊन पाणी प्यायले. इतकी वर्षं त्या घरात राहून, हा माणूस माझी काळजी करतो हे मला एका घाण फिल्टरमधून कळलं.

सांडलेला भंडारा आबांनी पायदळी येऊ दिला नाही, कागदात भरून घेतला. मेकॅनिकने नवा फिल्टर बसवला आणि आम्ही निघालो. त्याच चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चालली होती, तेवढ्यात आबांचा फोन वाजला. अवसरीचं गिऱ्हाईक उद्या किती वाजता येऊ, असं विचारत होतं.

"येऊ नका पावणं," आबा म्हणाले. "इंजान पार गेलंय. लई धूर सोडती. तुमची फसगत व्हईल."

त्यांनी फोन खिशात ठेवला. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"फुडं बघून चालव," ते म्हणाले.