बोट तर लावा, पाव्हणं!

आमच्या साडूंइतका रंगीत पडद्यावर जीव टाकणारा माणूस नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत दुसरा नसेल. असलाच तर त्यालाही यांनीच बिघडवलेला असेल. आमच्या संस्थेचा फिरता दवाखाना आहे. मी गाडीवर औषधं देतो आणि साडू कचेरीत आकडेवारी सांभाळत. सांभाळत कसले, रंगवत! कोरडा तक्ता दिसला की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. लगेच त्याचा टॅबवर नकाशा होणार, गावांचे ठिपके होणार. पेशंट जास्त तिथे ठिपका गडद, कमी तिथे फिका. लातूरजवळच्या मुरुडला त्यांच्या पुतणीच्या लग्नात पंगती चालू असताना यांनी कुठला पदार्थ किती झपाट्याने संपतोय याचे खांब उभे केले आणि टॅब थेट आचाऱ्यापुढे धरला. "बोट लावा की हो!" आचाऱ्याचं बोट रश्श्याने बरबटलेलं. तरी त्याने लावलं, आणि वरणाचं दुसरं पातेलं वेळेत चढलं. आपण सांगायचं नाही, समोरच्याला बोट लावायला लावायचं, हा त्यांचा हट्टच होता. मला म्हणायचे, "आपण सांगितलेलं मानूस इसरतंय, पाव्हणं. त्यानं सोता हुडकलेलं न्हाई इसरत."

पण खरी धमाल उडाली ती बैठकीत. मुखेडच्या बाजूच्या काही गावांत आमच्या गाडीला पेशंटच मिळत नव्हते. आम्ही गाडीवरची सगळी नांदेड शहरातली माणसं. गाव रिकामं दिसलं की लोक शेतात गेले असतील म्हणून गाडी वळवायचो. महिन्याच्या तक्त्यात नुसती गावाची बेरीज जायची. शेवटी ती गावं बंद करायची असं जवळजवळ ठरलं. म्हणजे तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही बंद! पेशंट का येत नाहीत, हे साडूंनाही उमगलं नव्हतं. त्यांनी नुसता टॅब संस्थेच्या अध्यक्षांपुढे सरकवला. "सही करायच्या आधी बोट तर लावा, साहेब." अध्यक्ष मूळचे मुखेडचे. ते कंटाळत एकेक वार दाबू लागले. त्या त्या वारी गाडी जाते ती गावं गडद उमटत होती. मग एका वारावर बोट पडलं आणि सगळे ठिपके पांढरेफटक! अध्यक्ष ताडकन उठले. "आवो, ह्यो तर आमच्या बाजाराचा वार हाय! समदं गाव मुखेडात आसतंय त्या दिशी. आन तुमी गोळ्या कुनाला देऊन राहिले, कुत्र्यांना?" असा हशा पिकला म्हणता! तिथल्या तिथे वार बदलला. साडू आनंदाने टेबलाभोवती गरागरा फिरत होते आणि मी चक्क टाळ्या वाजवत होतो.

नव्या वारी साडू पहिल्यांदाच गाडीत बसून आले. तोवर गावं त्यांनी ठिपक्यांतच पाहिली होती. गाडीपुढे रांग लागलेली. एका म्हातारीसमोर त्यांनी हौसेने टॅब धरला. "आजी, हे तुमचं गाव. बोट लावा." तिने टॅब बाजूला सारला आणि त्यांचाच हात धरला. "लई येळा बाजारातून पळत आले रं लेकरा. वळनावर तुमच्या गाडीची धूळ तेवढी दिसायची." परतीच्या वाटेवर टॅब पिशवीतच राहिला.

आता ते निवृत्त होऊन मुरुडला असतात. त्यांच्यावाचून कचेरी अगदी बेचव झाली आहे, मला त्यांची फार आठवण येते. त्या गावाला गाडी जाऊन आली की संध्याकाळी त्यांचा फोन ठरलेला. पेशंट किती झाले, हे ते विचारत नाहीत. "म्हातारी आलती का?" एवढंच. आली होती, असं मी सांगतो. मग ते हळूच विचारतात, "पळत न्हाई ना आली?"