नंदेसरीच्या डेमोत खरं काय झालं

नंदेसरीच्या डेमोची गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कुणी विचारलंच तर "सर्व्हर अडकला होता" एवढं सांगायचो. ते खोटं होतं.

केमिकल प्लांटच्या मीटिंग रूममध्ये वीसेक सुपरवायझर बसले होते आणि पडदा काळा होता. नुसतं चक्र फिरत होतं. वायुगळती झाली तर काय करायचं, याची आम्ही बनवलेली चार मिनिटांची फिल्म इंटरनेटवरून दाखवायची होती. पसंत पडली तर अशा चाळीस फिल्मचं काम मिळणार होतं. आणि आजचा डेमो नीट झाला तर वैशाली शिर्केची नोकरी पक्की, असं आमचे मालक किरीटभाई तिला बोलले होते. फिल्म जिथून पाठवली जाते तो सर्व्हर तिनं उभा केला होता. फिल्मची फाईल माझी.

ऑनलाइन व्हिडिओ दोन तऱ्हांनी दाखवतात. स्ट्रीमिंगमध्ये सर्व्हर लागेल तेवढेच तुकडे पाठवत राहतो. प्रोग्रेसिव्ह डाउनलोडमध्ये सगळी फाईल उतरते, पण उतरलेला भाग लगेच पाहता येतो. आम्ही दुसरी तऱ्हा घेतली होती, तिला साधा सर्व्हर पुरतो.

मी आमच्या सुभानपुऱ्याच्या ऑफिसात वैशालीला फोन लावला. "काका, इथं तर लगेच चालतेय," ती म्हणाली.

तेवढ्यात पडद्याखालची राखाडी पट्टी, किती फाईल उतरली ते दाखवणारी, शेवटाला टेकली आणि त्याच क्षणी फिल्म सुरू झाली. प्लांट मॅनेजर म्हणाले, "अशानं गॅस आधी पोचेल, फिल्म मागून." सगळे हसले. मी हसलो नाही. मी त्या पट्टीकडेच पाहत होतो. पट्टी भरल्यावरच चित्र!

अशा प्रत्येक फाईलमध्ये एक अनुक्रमणिका असते. कुठलं चित्र कुठं आहे, ते तिच्यात लिहिलेलं. ती हाती आल्याशिवाय प्लेअर काही दाखवू शकत नाही. आमचं सॉफ्टवेअर ती फाईलच्या शेवटी लिहायचं. पुढे आणायला एका चौकोनात टिक करावी लागे. ती टिक मी विसरलो होतो. ऑफिसातल्या वेगवान लाईनवर आख्खी फाईल क्षणात येते, म्हणून तिथं कळलंच नाही.

त्या क्षणी मला लाज वाटली नाही, आनंद झाला. उत्तर सापडलं होतं! मग पहिल्या रांगेत बसलेल्या किरीटभाईंची नजर माझ्यावर आली. मी फोनवर म्हणालो, "वैशाली, सर्व्हर रीस्टार्ट कर." ती ते करेपर्यंत मी लॅपटॉपवरून ऑफिसातलं माझं मशीन उघडलं, टिक केली, फाईल पुन्हा बनवली. सर्व्हर पुन्हा सुरू होताच जुन्या फाईलवर त्याच नावानं टाकली. जुनी फाईल गेली, तिच्याबरोबर पुरावाही.

मॅनेजरांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर फिल्म लावली. दोन सेकंदांत चित्र! टाळ्या पडल्या. मला तर नाचावंसं वाटत होतं.

किरीटभाई कानाशी आले. "सर्व्हरनो ज वांधो हतो ने?"

"हो, सर्व्हरचाच घोळ होता," मी म्हणालो.

काम मिळालं. संध्याकाळी वैशालीनं विचारलं, "काका, माझ्याकडून काय राहिलं असेल?" मी म्हटलं, होतं असं कधीकधी. तिला पक्कं केलं नाही. ती सावली गावच्या एका कारखान्यात स्टोअरला लागली. सर्व्हरला पुन्हा हात लावला नाही, असं ऐकलं.

या धंद्यात येणाऱ्यांना एक सांगतो. फाईल नेहमी बाहेरच्या संथ लाईनवर तपासा. आपल्या ऑफिसात आपलं सगळंच चालतं.

गेल्या वर्षी एका लग्नात वैशाली भेटली. वाकून नमस्कार केला. म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही सांभाळून घेतलंत, काका. नाहीतर माझ्यापायी सगळ्यांचं काम गेलं असतं."

बोलायचं वाक्य माझं कधीचं तयार होतं. मी "सुखी राहा" म्हटलं आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.