मोठा लॅपटॉप आणि माझं नेटबुक

पाटोद्यात आमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आमच्या मिस्टरांचा भरवसा त्यांच्या मोठ्या लॅपटॉपवर आणि माझा माझ्या जुन्या, वहीएवढ्या नेटबुकवर. "खेळणं हाय ते," असं ते गिऱ्हाइकांसमोरही म्हणायचे.

एकदा ऊसतोड कामगारांचे नोंदणीचे फॉर्म भरायला शिरूर कासारजवळच्या एका गावात गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या गाड्या निघणार होत्या. गावात लाइट नव्हती. समाजमंदिराच्या ओट्यावर बसून काम सुरू केलं आणि दोन तासांत लॅपटॉपनं मान टाकली. रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "कावून बंद पडला? दिसायला तर लई मोठा हाय!" सगळी रांग हसली.

मी पिशवीतून नेटबुक काढलं. ते इतकं हळू चालायचं, की एक पान उघडेपर्यंत समोरच्या बाईच्या सगळ्या लेकरांची चौकशी करून व्हायची. अक्षरंही बारीक. मग मिस्टर शेजारी बसून आधार कार्डावरची नावं मोठ्यानं वाचू लागले आणि मी टाइप करू लागले. शेवटचा फॉर्म गेला तेव्हा ऊन उतरलं होतं, पण नेटबुक अजून चालू होतं.

येताना मोटरसायकलवर ते म्हणाले, "फोटोच्या कामाला माझाच बरा."

"बराच हाय की," मी म्हणाले. "पण उद्या शेजारच्या गावातबी लाइट नाही, तिथं काय न्यायचं?"

ते म्हणाले, "तुझंच घे. माझा राहू दे दुकानात."