चौदा दिवस अलग

प्रतिभाचा फोन आला तेव्हा मी मावशीचाच किस्सा सांगत होतो. वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवणं हे माझं काम. पण सकाळच्या चहाला कुणीतरी म्हणतंच, "विजूभाऊ, होऊन जाऊ द्या," आणि विजूभाऊ लगेच होऊ देतात. त्या बुधवारी मी किस्सा इथवर आणला होता, की मावशी माझ्या खोलीत आली, काचेच्या टाकीतल्या माझ्या माशांची दशा पाहिली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली... तेवढ्यात फोन वाजला. प्रतिभा, माझी मावसबहीण, एवढंच म्हणाली, "दादा, आई गेली." मी समोर पाहिलं. ऐकणारे हसू तयार ठेवून पुढच्या वाक्याची वाट बघत होते. दीड महिना झाला, ते वाक्य मी अजून पुरं केलेलं नाही. इथं करून बघतो.

कुसुममावशी माझ्या आईची धाकटी बहीण. माहेर वडनेरचं, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातलं. नोकरी सेवाग्रामच्या दवाखान्यात, नर्सची. निवृत्त झाल्यावरही तिचा पांढरा सुती पदर आणि खिशाला लावतात तसा ब्लाउजला अडकवलेला निळा पेन सुटला नाही. मी चाळिशीला टेकलो तेव्हा कुणीतरी सांगितलं, घरात मासे असले की मन रमतं. मी हौसेनं टाकी आणली, त्याच दिवशी नळाचं पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले. दोन गोल्डफिश, दहा गप्पी, लांब झालरीचा एक एंजल आणि वाघासारखे पट्टे असलेले चार टायगर बार्ब. आठवड्याभरात पट्टेवाल्यांनी एंजलची झालर कुरतडून त्याला पार बोडका करून टाकला, गप्पी एकेक करून नाहीसे झाले, आणि पाणी असं गढूळ की उरलेलं काय घडलं ते मला दिसलंही नाही. मावशी आली ती नेमकी तेव्हा.

"पाणी किती दिवस नुसतं ठेवलं होतं?"

"ठेवायचं कशाला मावशी? ताजं भरलं."

"ताजं," ती म्हणाली. दवाखान्यात नातेवाईक औषधाचा घोळ कबूल करतात तेव्हा ती बहुतेक याच आवाजात बोलत असावी. "अन् हे असे मासे काऊन आणले?"

"रंग जुळत होते."

"पडदे घेतले का तू?" टाकीभोवती एक चक्कर मारून ती म्हणाली, "विजू, याले टाकी नाई म्हणत. याले एस.टी. स्टँड म्हणते. जो आला तो चढला."

हे ते अर्धवट राहिलेलं वाक्य. वाचनालयात यावर हमखास हशा पडतो. त्याच्या पुढचं मी कधी सांगत नसे. पुढं असं झालं, की मेलेले मासे तिनं स्वतःच्या हातानं काढले, पेरूच्या झाडाखाली पुरले, वाचलेले दुकानदाराला परत धाडले, हात धुतले आणि रिकामी टाकी ऑटोत घालून सेवाग्रामला घेऊन गेली. "शिकशील तवा नेजो," म्हणाली. या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली.

टाकी तिच्या खोलीत, कूलरच्या वाऱ्याला, भिंतीलगत राहिली. पंधरवडाभर तिनं त्यात नुसतं पाणी फिरवलं, एकही मासा नाही. दुकानदाराकडून त्याच्या जुन्या टाकीतला एक मळकट स्पंज मागून आणला आणि पाण्यात सोडला. मी नाक मुरडलं तर म्हणाली, "नव्या पाण्याले जुन्याचं विरजण लागते. जंतू सगळेच वाईट नसते रे, मी जिंदगीभर त्यायच्यातच राह्यली." मग आले मासे, तेही थोडे थोडे. आधी गप्पी, मग मॉली, शेवटी तळ चाटत फिरणारे दोन मिशीवाले. प्रत्येकाची ती चौकशी करायची, किती मोठा होते, कोणत्या पाण्यातला हाये, स्वभाव कसा हाये. "अन् तोंड पाह्यजो. ज्याच्या तोंडात दुसरा मावते, तो त्याले खाते. त्यात त्याची काई चूक नाई." मी पट्टेवाल्या बार्बांना शिव्या घातल्या की तिला खपायचं नाही. "मिरचीच्या वाफ्यात कोहळ्याचा वेल सोडते का कोणी? वेल वाईट नसते. पण मिरची मरते."

नवा मासा मात्र ती थेट टाकीत कधीच घालत नसे. खिडकीतली लोणच्याची मोठी काचेची बरणी हा तिचा वेगळा वॉर्ड. तिथं चौदा दिवस. बरणीला चिकटपट्टीनं लावलेला कागद, त्यावर तारखा, रोजच्या दाण्यांची खूण, आणि शेवटी पेशंट कुठं हलवायचा ते. मी दर रविवारी पाहायचो, गंमत करायचो आणि निघताना विचारायचो, "मग, देतेस का माझी टाकी?" तिचं उत्तर ठरलेलं. "मासा पाहाले दोन मिनटं लागते. ठेवनारा पाहाले टाईम लागते."

माझ्यासाठी तिनं मुलीही पाहिल्या, याच पद्धतीनं. कुठं जमलं नाही, आणि दर वेळी मी त्या न जमण्याचा असा किस्सा केला की लग्नघरांत मला मुद्दाम बोलावणं येऊ लागलं. सिंदीला एका लग्नात मी मांडवभर लोकांना पोट धरून हसवलं होतं. पंगत उठल्यावर मावशी शेजारी येऊन बसली.

"घरी गेल्यावर कोणाशी बोलतं रे तू?"

"रेडिओशी. तो मधे बोलत नाही."

ती हसली नाही. पदरानं ताटलीचा काठ पुसत राहिली... तेव्हा मला वाटलं, मावशीला आता कमी ऐकू येतं.

तिचा शेवटचा फोन शनिवारी आला. "उद्या येजो. काम हाये." मावशीनं काम आहे म्हटलं की मला स्थळाचा वास यायचा, आणि या वयात कुणाच्या दिवाणखान्यात पोह्यांची बशी हातात धरून बसायची माझी तयारी नव्हती. मी डोकं दुखत असल्याचं सांगितलं. "बरं," ती म्हणाली, "गोळी घेजो. उपाशी पोटी नोको घेऊ." मी फोन ठेवला आणि दुखत नसलेलं डोकं घेऊन रविवारभर लोळलो. बुधवारी पहाटे ती झोपेतच गेली.

त्या दिवशी घर बायकांनी भरलेलं. काय करावं ते न कळून मी खिडकीजवळ उभा राहिलो, आणि कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटलं. वळून पाहिलं तर बरणीत एक निळा मासा. एकटा. काचेला तोंड लावून थेट माझ्याकडे पाहणारा. मी जरा वाकलो तशी त्यानं सगळी झालर फुलवली, मोर फुलवतो तशी. मी दचकलो. मासा ओळखला म्हणून जास्तच दचकलो. तो फायटर होता. त्यातला नर दुसऱ्या नराला उभा करत नाही, गप्पीची लांब शेपटी दिसली तर तिच्यावरही धावून जातो. ही गोष्ट मला मावशीनंच शिकवलेली. जिनं जन्मभर कोण कोणात राहील ते पाहिलं, तिनं कुणातच न राहणारा मासा कशाला आणावा? कागद वाचला. तिचंच अक्षर. 'अलग १४ दिवस. मंग वर्धा.'

प्रतिभाला विचारायला दोन दिवस गेले. ती रडून रडून थकली होती. "वर्धा म्हंजे तूच ना दादा," ती म्हणाली. "दुसरं कोन हाये आपलं वर्ध्याले? तुले दाखवाचा होता तिले. रविवारी पाटोडी केलती तुह्यासाठी. सांजपर्यंत झाकून ठेवली तिनं."

"पण फायटर का?"

"मीबी तेच म्हटलं. तर म्हने, याले जोडी लागत नाई. सगळ्यायच्या समोर पिसारा काढते, पन राह्यते एकटा. फकस्त समोर कोनी येऊन बसलं पाह्यजे, नाईतं खात नाई बराबर."

मी स्टूल ओढून बरणीसमोर बसलो.

त्याचे चौदा दिवस सुतकातच भरले. मी रोज वर्ध्याहून जायचो, दोन दाणे टाकायचो, पाणी बदलायचो आणि कागदावर खूण करायचो, तिच्याच निळ्या पेननं. तिच्या खुणा जिथं संपल्या तिथून माझ्या सुरू. तेरवी झाल्यावर प्रतिभा म्हणाली, "मोठी टाकीबी तुहीच हाये, घेऊन जा." मला ती नेववेना. गप्पी-मॉलींचं तिथं चांगलं जमलेलं, त्यांना कशाला उठवा. मी फक्त तिच्या स्पंजाचा एक तुकडा पिशवीभर जुन्या पाण्यात घातला, आणि बरणी मांडीवर घेऊन ऑटोत बसलो. शेजारचे काका म्हणाले, "मासा हाये का? रांधाले एवढाकच?" आणि मी, विजूभाऊ, नुसती मान हलवली.

आता माझ्याकडे एक लहान टाकी आहे. एकच मासा, तिचं विरजण. समोरच्या भिंतीवरचा आरसा मी कपाटात ठेवला आहे, कारण त्यात स्वतःला पाहून तो उगाच लढत बसतो. संध्याकाळी दिवा लावला की काचेत माझ्यामागची खोली दिसते, खुर्ची, दार, आणि कधी कधी दारात काहीतरी पांढरं. दोरीवरचा टॉवेल असतो तो. मी दर वेळी वळून खात्री करतो.

मावशीच्या कागदावर आणखी दोन शब्द आहेत. ते मी प्रतिभालाही दाखवलेले नाहीत. गुरुवारची खूण, शुक्रवारची खूण, शनिवारची खूण. रविवारच्या खुणेपुढे, पेशंटला भेटायला कोण आलं ते लिहावं तसं, बारीक अक्षरात तिनं लिहिलंय, 'आला नाई.'

तो कागद संपला. मी तसाच नवा आखून टाकीला चिकटवलाय. दर रविवारी दुपारी चारला, सेवाग्रामला पोचायची माझी वेळ तीच होती, मी खुर्ची ओढून माशासमोर बसतो. दोन दाणे टाकतो, खूण करतो. खुणेपुढची जागा मात्र सोडून देतो, ते लिहायचं काम माझं नाही. आणि सोमवारी सकाळी, चहा ठेवायच्याही आधी, तो रकाना एकदा पाहून घेतो. पन्नाशी उलटलेल्या माणसानं करायची गोष्ट नव्हे ही, मला कळतं... अजून तरी कोराच आहे.