हरूदवरच्या अकरा हरिणी

वसंतात डिये नदीला बर्फाचं पाणी आलं की अख्खं जंगल बुडायचं. कोरडा राहायचा तो फक्त शिकारमहालाचा हरूद, म्हणजे ओकच्या झाडांचा मातीचा उंचवटा. सरदारांच्या शिकारीसाठी बांधलेल्या त्या महालात आता रखवालदार सिरिल आणि त्याची बायको व्लास्ता राहत. सरदार गेले, जंगल संरक्षित झालं, पण सिरिलचा एक नियम सरकारच्या कायद्याहून जुना होता: पुरात हरूदवर आलेल्या जनावराला बिचकवायचं नाही. बिथरलं की ते पाण्यात उडी घेतं, आणि पलीकडे जमीन नसते. त्या दिवसांत सिरिल शिंकही उशीत तोंड खुपसून देई. "नवरा कसला, हरणांचा घरजावई," व्लास्ता म्हणायची.

यंदा अंगणात अकरा हरिणी होत्या, सगळ्या गाभण. आणि आत सिरिल तापाने फणफणला होता. छाती भात्यासारखी घरघरत होती.

"बोट बोलावते," व्लास्ता म्हणाली.

"याद राख. आठवड्यात पाणी उतरेल."

"तोवर तुलाच खड्ड्यात उतरवायची वेळ येईल."

"काढा दे आणि गप बस."

तिने लिंडनच्या फुलांचा काढा दिला. सकाळी त्याचे ओठ निळे पडलेले दिसले. तिला त्याचा राग आला, भीतीही वाटली. स्वयंपाकघरात जाऊन तिने हळूच अग्निशमन दलाला फोन लावला.

"शेवटच्या वळणावर इंजिन बंद करा. वल्ह्यांनी या."

"काकू, पाण्याला ओढ किती आहे, बघताय ना?" बंबवाला म्हणाला. "प्रयत्न करतो."

त्यांनी प्रयत्न केला. वळणावर इंजिन थांबलं, तशी बोट गर्रकन फिरून झाडांवर आदळायला निघाली. इंजिन पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खिडकीत उभ्या व्लास्ताच्या हाती काहीच नव्हतं. एका हरिणीने कान टवकारले आणि अकराच्या अकरा पाण्यात गेल्या. थोडा वेळ खोडांमधून डोकी दिसली. मग दिसेनाशी झाली.

सिरिलला स्ट्रेचरवरून बाहेर काढलं. अंगण रिकामं होतं, चिखलात खुरांचे ताजे ठसे. त्याने ते नीट पाहिले.

"कुठं गेल्या?"

"पलीकडच्या काठाला लागल्या," व्लास्ता म्हणाली. "मी बघितलं ना."

"बरं झालं," सिरिल म्हणाला, आणि त्याने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. पुरात पलीकडे काठ नसतो, हे चाळीस वर्षं त्यानेच तिला सांगितलं होतं.