मामांची फायबरची गाडी

सिंगापुरात ज्या कुणाला चालती वस्तू बंद पाडून पुन्हा चालू करण्याची विद्या शिकायची असेल, त्याने माझ्या मामेसासऱ्यांच्या पायाशी बसायला हवं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा त्यांच्या सेरंगूनच्या फ्लॅटवर जेवायला गेलो, तेव्हा आदल्याच दिवशी आणलेला राइस कुकर सुटा होऊन टीपॉयवर पसरला होता, आणि मामी आत पातेल्यात भात शिजवत होत्या. मी विचारलं, "बिघडला का?" तर मामा माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "छे! आतून ओळख झाल्याशिवाय वस्तूशी बोलायचं कसं, जावईबापू?" झब्बा घालून लग्नाला निघाले तरी त्यांच्या खिशात अत्तराच्या फायाऐवजी स्क्रूड्रायव्हर असायचा. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एकदा माइक बंद पडला. मामांनी तो दोन मिनिटांत दुरुस्त केला, टाळ्या घेतल्या, आणि त्या टाळ्यांच्या भरात चांगला चाललेला स्पीकरही उघडला. त्या दिवशी गाणाऱ्या बाईंनी सबंध भैरवी नुसत्या गळ्यावर म्हटली. मामांचं मत असं पडलं की, गाणं तसंच जास्त चांगलं झालं.

मामा तुआसला जहाजं दुरुस्त करायच्या यार्डात साहेब होते. मी बुओना व्हिस्टाला, कॉम्प्युटरवाला. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी मीच पहिली आणली. माझे वडील कोल्हापुरात टेम्पो चालवायचे, आणि हे मी कुठेही, कुणालाही, न विचारता सांगतो. म्हणूनच असेल, जुनी गाडी बघायला जाताना मामांनी मला बरोबर घेतलं. "तुमच्या रक्तात गाड्या आहेत," म्हणाले. मलाही ते खरं वाटलं.

गाडी एका निवृत्त चिनी गृहस्थांची होती. सत्तरच्या दशकातली, विलायतेत बनलेली. पुढून बघावं तर शर्यतीची, लांब नाकाची आणि बुटकी. मागून बघावं तर संसारी, म्हणजे वर उचलायची काच आणि तिच्या आत दोन पोती तांदूळ सहज मावतील एवढी जागा. तरुणपणी तालमीत गेलेल्या माणसाने पुढे किराणा दुकान टाकावं, तशी. रंग पिकायला आलेल्या कैरीचा. मामा तिच्याभोवती देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घालत होते. मी मात्र कामाला लागलो. जुनी गाडी घेताना माझे वडील खिशात लोहचुंबक ठेवायचे. पत्रा असेल तिथे ते चिकटतं. ठोकून पुट्टी भरली असेल तिथून पडतं, आणि मालकाचं पितळ उघडं पडतं. मी घरच्या फ्रिजवरचं चुंबक आणलं होतं. दाराला लावलं, पडलं. बॉनेटला लावलं, पडलं. छताला लावलं, तिथूनही घरंगळत खाली. मला घाम फुटला. मामांना बाजूला ओढून मी कानात म्हणालो, "मामा, पळा इथून. ही गाडीच नाही. ही नुसती पुट्टी आहे."

मामा इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग गाडीवर टिचकी मारून म्हणाले, "अहो, ही फायबरची आहे! आपल्याकडे कोळ्यांच्या नवीन होड्या असतात ना, तसली. हिला पत्राच नाही, तर गंजणार काय?" ते चिनी गृहस्थही हसले. त्यांनी माझं चुंबक हातात घेऊन खाली वाकून चेसिसला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला लावलं. तिथे ते चिकटलं. "दिस पार्ट कॅन रस्ट," ते म्हणाले, "सो दिस पार्ट यू मस्ट लव्ह मोअर, लाह." मामांनी तिथल्या तिथे हो म्हटलं.

घरी मात्र हो म्हणणारं कुणी नव्हतं. सिंगापुरात गाडी घेणं म्हणजे काय प्रकार आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको; गाडीपेक्षा तिचा परवाना महाग. मामा-मामींनी सगळा संसार एमआरटीच्या मेट्रोवर आणि बसवर केला होता. आणि आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर हे गृहस्थ न विचारता एक म्हातारी गाडी घेऊन आले होते. तीही जुन्या गाड्यांच्या परवान्यावरची, वर्षातले ठरावीक दिवसच रस्त्यावर आणायची. मामींनी खिडकीतून एकदा खाली बघितलं. "छान आहे," म्हणाल्या. मामा फुलले. "झाकण कुठून लागतं ह्या डब्याचं?" मामा कोमेजले. त्यानंतर मामींनी जाहीर केलं की त्या गाडीत त्यांचा पाय पडणार नाही. मामी कराडकडच्या. त्यांचा शब्द म्हणजे विहिरीत टाकलेला दगड, परत वर येत नाही.

झालं! मामांच्या आयुष्याला ध्येय मिळालं. विलायतेत जन्मलेल्या त्या गाडीला बिचारीला थंडीत गरम कसं राहावं एवढंच शिकवलेलं, त्यामुळे इथल्या उकाड्यात ती अर्ध्या तासात तापायची. मामांनी मोठा रेडिएटर बसवला, विजेचे पंखे बसवले, ब्रेक नवे केले, प्रत्येक बदलाची रीतसर मंजुरी काढली. इथवर ठीक होतं. पण मग एसी आला. "काचांवर वाफ धरते म्हणून," मामा म्हणाले. मग ड्रायव्हरशेजारची सीट उंच झाली, कारण म्हणे वजनाचा समतोल. मग त्याच बाजूला वर धरायला एक कडी आली, पाय टेकायला पायरी आली आणि पर्स ठेवायला कप्पा आला. शर्यतीच्या गाडीला पर्सचा कप्पा! हे सगळं मामा मामींना थेट कधी सांगायचे नाहीत. रविवारी जेवताना त्या ऐकू शकतील अशा बेताने मला सांगायचे, "जावईबापू, आता डावीकडे इतकं गार लागतं की शाल पांघरून बसावं!"

आतून आवाज यायचा, "मग शालीलाच बसवा."

वर्कशॉपच्या मालकाने एकदा तेलाचे हात पुसत मामांना चिडवलं, "अंकल, दिस वन नॉट कार, दिस वन युअर सेकंड वाइफ, लाह!" मामा गंभीरपणे म्हणाले, "सेकंड वन ओके. फर्स्ट वन नॉट सिटिंग."

असं चाललं असताना यार्डाने मामांचा करार पुढे वाढवला नाही. नोकरी संपली की इथे राहायचा पास संपणार, आणि पास संपला की पुण्याला परत. आणि इतकी जुनी गाडी भारतात नेता येत नाही. मामांनी ही बातमी मला गाडीखाली आडवं पडून दिली, त्यामुळे मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. "जाण्याचं काही नाही," चपलांकडून आवाज आला. "पण ती एकदा बसली असती, तर बरं झालं असतं. तुम्ही विचारा ना तिला, अजून काय बसवू? तुमचं ऐकते."

मामी कुणाचंही ऐकत नसत. पण मी गेलो. त्या भेंडी चिरत होत्या. मी वकिली सुरू केली. एसी, कडी, कप्पा... त्यांनी मला बोलू दिलं, आणि मग सुरी खाली ठेवली.

"तुमच्या मामांना सांगा, इथे आलो त्या पहिल्या वर्षी तेच म्हणाले होते, 'लायसन्स काढ, पहिली गाडी तू चालवायची.' मी काढलं. चढावर गाडी थांबवून मागे न सरकता पुन्हा चढवायची, सगळं केलं. गाडी काही आली नाही, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. इथे गाडी कुणाला परवडते? पण आली तेव्हा? तेव्हा हे म्हणाले, 'शेजारी बसतेस का?' अहो, मी माहेरी उसाच्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर वळवायचे, तेव्हा हे सायकलची चेन बसवत होते! इतकं सगळं डावीकडे बसवलं. उजवीकडे बसतेस का, असं एकदा तरी विचारलं?"

मी खाली गेलो आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. मला गोड करून सांगता येत नाही. मामा गाडीखालून बाहेर आले आणि जमिनीवरच बसून राहिले. "विसरलो हो," ते म्हणाले. "मी चक्क विसरलो होतो." मग हातसुद्धा न धुता तसेच लिफ्टकडे गेले. मी मागोमाग. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "चालवशील?"

मामींनी भेंडीवरून नजर उचलली नाही. "क्लच जड आहे का?"

"आहे. हलका करून देतो."

"हलका नको. माझा पाय तिथवर पोचतो का, ते बघा आधी."

पुढचा आठवडा मी कधी विसरणार नाही. जहाजांची मापं घेण्यात हयात गेलेला हा माणूस बायकोला डायनिंगच्या खुर्चीवर बसवून टेपने तिच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेत होता. मामी म्हणत होत्या, "अहो, गुदगुल्या होतात," आणि मामा म्हणत होते, "हलू नकोस, माप चुकेल." चालकाची सीट पुढे आली, वर आली. स्टिअरिंग हलकं झालं. विम्यात मामींचं नाव चढलं. गावाबाहेरच्या एका मोकळ्या रस्त्यावर त्यांनी दोनदा गाडी बंद पाडली आणि तिसऱ्यांदा तिला असं काही पळवलं की मामांनी देवाचं नाव घेतलं.

मग एका रविवारी सकाळी, परवान्यातल्या उरलेल्या दिवसांपैकी एक वापरून, आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने चांगीकडे निघालो. मामी उजवीकडे, कडक इस्त्रीची साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. मी मागे. मामा डावीकडे, त्या उंच सीटवर. ती मामींच्या उंचीची केलेली होती आणि मामा सहा फुटी, त्यामुळे त्यांचं डोकं छताला टेकत होतं आणि ते सगळा वेळ एखादा नम्र प्रश्न विचारल्यासारखी मान वाकडी करून बसले होते. समुद्रात जहाजं उभी होती. एरवी मामांनी त्यातल्या निम्म्यांची आजारपणं सांगितली असती. त्या दिवशी त्यांनी समुद्राकडे बघितलंच नाही. मागच्या चाकाकडून बारीक टकटक येत होती. मलासुद्धा ऐकू येत होती. उतरल्यावर मामी नारळपाणी आणायला गेल्या, तेव्हा मी विचारलं, "मामा, मागून आवाज येत होता ना?"

"येत होता."

"मग बोलला नाहीत?"

"ती गाडी चालवत होती हो," मान चोळत मामा म्हणाले.

त्यानंतर परवान्याचे दिवस असेपर्यंत गाडी मामींनीच चालवली. घ्यायला आलेल्या नव्या मालकाने मामांना विचारलं की गाडी वळणावर कशी वागते, तेव्हा मामांनी त्याला मामींकडे पाठवलं, आणि मामींनी आपल्या कराडी इंग्रजीत त्याची चांगली शिकवणी घेतली. तो गाडी घेऊन गेला, तेव्हा दोघं कठड्याशी उभी होती. गाडीचा मागचा दिवा वळणाआड दिसेनासा झाल्यावर मामी म्हणाल्या, "तिसऱ्या गियरला घाई करतोय मेला."

चांगीच्या विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. टॅक्सीत मी पुढे, ती दोघं मागे. बॅगा डिकीत मावल्या नाहीत म्हणून एक त्यांच्या पायाशी ठेवली होती. मी वळून बघितलं. मामी बाहेर बघत होत्या, पण प्रत्येक सिग्नलला त्यांचा उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा हळूच दाबला जात होता आणि त्या बॅगेला अडत होता. मामांच्या ते लक्षात आलं. खाली वाकून त्यांनी ती बॅग उचलली आणि चांगी येईपर्यंत मांडीवर धरून बसले.